पान उलटून बघा

जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोलहून पद्मालयाला निघालेल्यांना तिथल्या तळ्यातली कमळं बघायची घाई असते. माझी गाडी मात्र अलीकडच्या एका बिननावाच्या डबक्याशी थांबते. तिथं कमळ नाही, कुमुद म्हणजे वॉटर लिली आहे. (दोघांना एका माळेत ओवू नका. नात्यानं कमळ हे कुमुदापेक्षा चिनाराच्या झाडाला जवळचं!)

या डबक्यात कुमुदाच्या दोन जाती शेजारीशेजारी नांदतात, निम्फिया नौचाली आणि निम्फिया प्युबेसन्स. निळी ती नौचाली, पांढरी ती प्युबेसन्स, असं मी कित्येक वर्षं रंगावरून ठोकून द्यायचो. पण नौचालीला पांढरी फुलंही येतात आणि गुलाबीसर तर दोघींनाही. म्हणजे माझी अर्धी वही चुकलेली. शेळ्या चारणाऱ्या एका मावशींनी गणित सोडवलं, "भाऊ, ही दिनले उघडस, ती रातले."

खरंच आहे. नौचाली ऊन वर आल्यावर उमलते, दुपार कलली की मिटते. प्युबेसन्स संध्याकाळी उघडते ती दुसऱ्या दिवशी ऊन तापेपर्यंत. सकाळी नऊच्या सुमारास दोघी उघड्या सापडतात आणि माणूस फसतो तो तेव्हाच. चंद्र बघून कुमुद फुलतं म्हणणाऱ्या कवींनी अवसेच्या रात्री तळ्यावर जायला हवं होतं. प्युबेसन्स तेव्हाही फुललेली असते.

शंका राहिली तर पान उलटायचं. प्युबेसन्सच्या पानाची कड दातेरी आणि खालून बोट फिरवलं तर मखमलीसारखी लव. लॅटिनमध्ये प्युबेसन्स म्हणजे लवदारच. १७९९ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनाव यांनी हे नाव दिलं. नौचालीची कड नागमोडी, पाठ गुळगुळीत. शिवाय तिच्या परागकोशांच्या टोकाला पाकळीच्या रंगाची छोटी जीभ असते, प्युबेसन्सला नसते.

बाकी दोघींचा संसार सारखाच. पहिल्या दिवशी फुलाच्या मधल्या वाटीत द्रव साठतो. दुसऱ्या फुलावरून आलेला किडा त्यात घसरला की अंगावरचे परागकण धुतले जातात. एखादा बिचारा बुडूनही मरतो. नंतर वाटी सुकते आणि मग हेच फूल पराग वाटायला लागतं. फलन झालं की देठ फळाला पाण्याखाली ओढतो. पिकलेलं फळ फुटून बिया वर येतात, हवा भरलेल्या आवरणावर थोडा वेळ तरंगतात आणि आवरण कुजलं की तळाच्या गाळात जाऊन बसतात.