कराओकेत कुठलं जपानी रॉक गाणं घ्यावं?

जपानला निघालेल्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी

नव्या ऑफिसात रुजू झालात की थोड्याच दिवसांत स्वागताची पार्टी होते. जेवण आटोपलं की कुणीतरी ‘निजिकाई’चं, म्हणजे दुसऱ्या बैठकीचं नाव काढतं आणि ही बैठक बरेचदा कराओकेच्या खोलीत भरते. गाणी निवडायचा टॅब्लेट हातोहात फिरत तुमच्यापर्यंत येतो. जपानी भाषेची एन-४ परीक्षा उत्तम मार्कांनी पास झालेले आमचे विद्यार्थीही इथे अडखळतात आणि फोनवर रोज ऐकतात तेच गाणं लावून मोकळे होतात. ऐकायला आवडणारं गाणं आणि गाता येणारं गाणं यांत बरंच अंतर असतं, म्हणून हे पत्रक.

आम्ही रॉकच सुचवतो त्याला कारण आहे. रॉकचं ध्रुवपद खोलीतले सगळे मिळून म्हणतात, त्यामुळे नवख्याचा आवाज उघडा पडत नाही. संथ गाणं सोपं असेल असं बहुतेकांना वाटतं, पण त्यात एकेक सूर लांबवर धरावा लागतो, दम पुरत नाही आणि जरासा बेसूरपणाही सगळ्यांना ऐकू येतो. मध्यम लयीचं, ठोक्यावर चालणारं गाणं नवख्याला सांभाळून घेतं.

गाणं ठरवण्याआधी ते हेडफोन न लावता, मोठ्याने, पूर्ण गाऊन बघा. चाल सगळ्यात वर कुठे जाते आणि तिथे किती वेळ राहते, ते पाहा. एखादा चढा सूर पटकन येऊन गेला तर निभतो, पण अख्खं ध्रुवपद वरच्या पट्टीत असेल तर दुसऱ्या फेरीला आवाज चिरकतो. दुसरं म्हणजे एका ठोक्यात किती अक्षरं कोंबली आहेत ते पाहा. बंप ऑफ चिकनचं ‘तेन्ताइ कान्सोकु’ (२००१) सगळ्यांच्या आवडीचं आहे, पण त्याची कडवी शब्दांनी गच्च भरलेली आहेत आणि श्वास घ्यायला फट सापडत नाही. हे गाणं सहा महिन्यांनी घ्या.

अ‍ॅनिमेमुळे जपानी शिकायला आलेल्यांसाठी खास सूचना. मालिकेच्या सुरुवातीला वाजतं ते गाणं साधारण दीड मिनिटाचं असतं. कराओकेत बहुतेक वेळा पूर्ण गाणं लागतं, चार मिनिटांचं. पहिलं कडवं झोकात जातं, मग तुम्ही कधीच न ऐकलेलं दुसरं कडवं पडद्यावर येतं. तेव्हा पूर्ण गाणं पाठ असेल तरच ते निवडा.

आता नावं. एकच गाणं तयार करायचं असेल तर मोंगोल८०० या ओकिनावाच्या बँडचं ‘चीसाना कोइ नो उता’ (२००१) करा, असं आम्ही डोळे झाकून सांगू. चाल सरळ आहे, तीच वळणं पुन्हा पुन्हा येतात आणि विशीतल्यापासून चाळिशीतल्यापर्यंत जवळजवळ प्रत्येकाला ध्रुवपद येतं. कडव्यात शब्द जरा धावतात, पण एका लयीत धावतात, त्यामुळे दोन आठवड्यांच्या सरावात बसतात.

द ब्लू हार्ट्सचं ‘लिंडा लिंडा’ (१९८७) लाजाळू माणसालाही मोकळं करतं. सुरुवात संथ, जवळजवळ बोलल्यासारखी. मग एकदम बँड कोसळतो आणि ध्रुवपदात मुख्यतः गाण्याचं नावच ओरडायचं असतं. इथे सुरापेक्षा जोर महत्त्वाचा. संथ भागात आवाज राखून ठेवा, नाहीतर पुढे काहीच उरत नाही.

आवाज मुळात खर्जातला असेल तर ओरडायची गाणी सोडा आणि हॅप्पी एन्डचं ‘काझे ओ आत्सुमेते’ (१९७१) ऐका. होसोनो हारुओमी यांनी ते खालच्या पट्टीत, सावकाश गायलं आहे. शब्द मात्सुमोतो ताकाशी यांचे आणि थोडे काव्यमय, म्हणून आधी अर्थ लावून घ्या. पन्नाशी-साठीतल्या वरिष्ठांना हे गाणं नव्या माणसाच्या तोंडून ऐकून फार बरं वाटतं. क्योतोच्या कुरुरी बँडचं ‘बारा नो हाना’ (२००१) त्याच स्वभावाचं आहे.

दोघी मिळून गाणार असाल तर पफीचं ‘आजिआ नो जुन्शिन’ (१९९६) घ्या. दोघी गायिका बहुतांशी एकाच सुरात गातात, त्यामुळे एकीचा शब्द चुकला तरी दुसरी सावरते. शब्दांची जुळणी गमतीची आहे, ओळीओळीचा अर्थ शोधत बसू नका. प्रिन्सेस प्रिन्सेसचं ‘डायमंड्स’ (१९८९) थोडं वर जातं, पण खोलीत पन्नाशीच्या आसपासच्या बायका असतील तर सगळ्या उठून साथ देतात.

स्पिट्झचं ‘चेरी’ (१९९६) सर्वांना पाठ असतं, पण कुसानो मासामुने यांचा आवाज पुरुषांच्या मानाने उंच आहे. पुरुषांनी पट्टी उतरवूनच गावं. बऱ्याच जणींना मात्र ते मूळ पट्टीतच जमतं. एक्स जपानचं ‘कुरेनाइ’ (१९८९) किंवा हिगेदानचं ‘प्रिटेंडर’ (२०१९) कितीही आवडत असलं तरी पहिल्या पार्टीला नको. ती गाणी तयारीच्या गळ्याची आहेत.

पट्टी उतरवण्यात कमीपणा मुळीच मानू नका. कराओकेचं एक सुरुवातीचं मशीन १९७१ मध्ये कोबेत इनोउए दाइसुके यांनी बनवलं. ते स्वतः बारमध्ये वाजवायचे आणि गाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांभाळून साथ करण्यात त्यांचा हातखंडा होता. म्हणजे गाणाऱ्याच्या सोयीने चालणं हे कराओकेच्या मुळातच आहे. टॅब्लेटवर ‘की’चं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण असतं. एक घर खाली म्हणजे पेटीवर शेजारची एक पट्टी खाली, मग ती काळी असो वा पांढरी. पेटीवर गाणाऱ्यांना हे लगेच कळेल. बाकीच्यांनी दोन घरं खाली, तीन घरं खाली असं करून घरीच गाऊन बघावं आणि आकडा फोनमध्ये गाण्याच्या नावापुढे लिहून ठेवावा. पुरुषाचं गाणं बाईने किंवा बाईचं पुरुषाने घेतलं तर चार-पाच घरांचा फरक पडू शकतो.

उच्चारांत मराठी माणसाला एक आयता फायदा आहे. ‘त्सु’ हे अक्षर अनेक परदेशी विद्यार्थ्यांना जड जातं, आपल्याला ‘चुना’ आणि ‘चूल’ यांतला च म्हटला की पुरतं. ‘झु’साठी ‘जुना’मधला ज. अडचण येते ती मात्रांत. ‘शिम्बुन’ आपण दोन झटक्यांत म्हणतो, जपानी गाण्यात त्याच्या चार मात्रा होतात, शि-न्-बु-न्, आणि त्या ‘न्’ला अनेकदा स्वतःचा सूर मिळतो. ‘तोक्यो’सुद्धा चार मात्रांचं, तो-ओ-क्यो-ओ. गाणं देवनागरीत उतरवून घेताना प्रत्येक मात्रेखाली टिंब द्या. ही टिंबं आणि टाळीचे ठोके जुळले की शब्द मागेपुढे होत नाहीत. आमच्या मते निम्मी तयारी इथेच होते.

पडद्यावर शब्द कांजीत, म्हणजे चिनी मूळच्या अक्षरांत, येतात आणि कांजीच्या वर छोट्या अक्षरांत काना, म्हणजे उच्चार दाखवणारी लिपी, असतो, म्हणून हिरागाना हा त्यातला प्रकार पक्का असेल तर वाचता येतं. ओळीत सुटा आलेला ‘हा’ हा प्रत्यय असेल तर ‘वा’ म्हणायचा, हे घाईत विसरायला होतं.

खोलीतली रीतही सांभाळा. एकामागून एक दोन गाणी लावू नका. वरिष्ठांचं ठरलेलं गाणं, ज्याला ते ‘ओहाको’ म्हणतात, आधी घेऊन टाकू नका. मधल्या गिटारच्या तुकड्यात नुसते उभे राहू नका, टाळ्या धरा. खोलीत बहुधा खंजिरी असते, दुसऱ्याच्या गाण्याला ती वाजवलीत तर सगळे खूश होतात. गाणं अर्ध्यात फारच अडलं तर ते थांबवायचं बटण असतं, ते दाबायला संकोच नको.

जपानला पोचल्यावर पार्टीची वाट न बघता एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी एकट्याने जाऊन या. एकट्याने कराओके करणं तिथे नेहमीचं आहे, ‘हितोकारा’ म्हणतात त्याला. दुपारचा दरही संध्याकाळपेक्षा कमी असतो. त्या तासाभरात टॅब्लेट कसा चालतो ते कळतं आणि ठरवलेल्या पट्टीची खात्री होते.

जाण्यापूर्वीच्या शेवटच्या महिन्यात आम्ही वर्गात एक गाणं प्रत्येकाकडून बसवून घेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तुमच्या मनातल्या गाण्याचं नाव आणि एक कडवं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. की किती खाली घ्यायची आणि कुठल्या ओळीला श्वास घ्यायचा, ते आम्ही लिहून कळवू.