नवख्या वापरकर्त्यांसाठी चॅटबॉटची रचना (खानदेश)

नवख्या वापरकर्त्यांसाठी चॅटबॉटची रचना : चॅटबॉटशी, म्हणजे फोनवर संभाषण करून उत्तरे देणाऱ्या यंत्राशी, कधीच लिहून-बोलून व्यवहार न केलेल्या माणसाला पहिल्याच वेळी आपले काम पुरे करता यावे, अशी संभाषणाची मांडणी. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत ती मुख्यतः फोनवरून मिळणाऱ्या शेती, अनुदान आणि दाखल्यांच्या सेवांसाठी लागते.

नवखा माणूस बहुधा पहिल्या संदेशापाशीच अडतो. ‘मी आपली काय मदत करू?’ हा प्रश्न त्याच्यासाठी सर्वांत अवघड, कारण या यंत्राला काय येते हेच त्याला ठाऊक नसते. तो ‘हाय’ पाठवतो, पुन्हा तोच प्रश्न येतो आणि फोन खिशात जातो. म्हणून सुरुवातीलाच सांगावे, की समोर माणूस नसून यंत्र आहे, सेवा कोणाची आहे आणि कोणती दोन-तीन कामे होतात. ओटीपी किंवा पिन कधीही मागितला जाणार नाही, ही ओळ गाळू नये. अनुदानाच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवून फसवणूक होते, त्यामुळे लोकांचा संशय रास्त असतो. हे सगळे चार-पाच ओळींत बसवावे. संबोधन ‘तुम्ही’ असावे. ‘आपण’ने बोलणारा कोण आणि करणारा कोण, याचा घोळ होतो. ‘अर्ज प्रलंबित’ऐवजी ‘अर्ज अजून तपासायचा आहे’ असे लिहावे.

व्हॉट्सॲपवर एका संदेशात उत्तराची ३ बटणे देता येतात व प्रत्येक बटणावर २० चिन्हे मावतात. यादी दिल्यास १० पर्याय बसतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सारी चिन्हे वेगळी मोजली जातात. ‘पीक विमा नुकसानभरपाई’ ही डोळ्यांना १२ अक्षरे दिसतात, पण जागांसह मोजणी बरोबर २० भरते. त्यापुढचे एक अक्षरही चालत नाही. बटणांसोबत अंकांचीही सोय ठेवावी, आणि देवनागरी अंक, इंग्रजी अंक, ‘एक’, ‘पयला’ ही सारी उत्तरे एकच धरावीत.

खरी कसोटी भाषेची. खानदेशात घरी अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी बोलतात. प्रमाण मराठी अनेकांसाठी शाळेची भाषा आहे. ‘मना पैसा कव्हय येतीन?’ हा प्रश्न अनुदानाच्या हप्त्याविषयी आहे, हे बॉटला कळले पाहिजे. ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून ‘केळी’ ही ‘केयी’ म्हणून येते. बरेच जण मराठी रोमन लिपीत लिहितात आणि एकाच शब्दाची तीन-चार स्पेलिंगे करतात. आवाजी संदेशांत अडचण वाढते : प्रमाण मराठीवर शिकवलेली आवाज-ओळख अहिराणी क्रियापदे चुकीची लिहिते. अशा वेळी ऐकलेले वाक्य दाखवून ‘हेच विचारायचे आहे ना?’ असे विचारावे. स्थानिक बोलीत उत्तर देण्याची घाई मात्र करू नये; यंत्राने जुळवलेली अहिराणी ऐकणाऱ्याला खटकते. साधी मराठी पुरते. सातपुड्यात, विशेषतः धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांत, बोलणाऱ्यांकडूनच ध्वनिमुद्रित करून घेतलेल्या अर्ध्या मिनिटाच्या फाइली ठेवाव्यात. तिथे नेटवर्क कमजोर असते, म्हणून मोठी चित्रे पाठवू नयेत.

एका वेळी एकच प्रश्न विचारावा. क्षेत्र विचारले की लोक ‘दीड’, ‘पावणेदोन’, ‘अडीच एकर’ असे सांगतात, तर सातबाऱ्यावर हेक्टर-आर असते. बॉटने हिशोब करून ‘अडीच एकर म्हणजे १ हेक्टर १ आर, बरोबर?’ असे परत विचारावे. फोन अनेकदा मुलाचा आणि जमीन वडिलांची असते. म्हणून ‘माहिती कोणासाठी हवी?’ हा प्रश्न आधी यावा, आणि मागच्या माणसाचे नाव किंवा खाते आपोआप दाखवू नये. कागद आणायला दोन दिवस लागतात, तर व्हॉट्सॲपवर वापरकर्त्याच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासच मोकळे उत्तर देता येते. पुढे आधी मंजूर केलेला साचाच पाठवावा लागतो. तेव्हा अर्धवट अर्ज जपून ठेवावा आणि ‘पुढे चालू’ हे बटण द्यावे.

चुकीच्या उत्तराची किंमत नवख्याला जास्त पडते, कारण पडताळायचे कुठे हे त्याला माहीत नसते. रावेर-यावलकडच्या केळीवरील ‘हरण्या’ आणि ‘करपा’ या रोगांचे उदाहरण बोलके आहे. करपा बुरशीजन्य आहे, हरण्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूमुळे होतो. हरण्यावर बुरशीनाशक फवारून काही होत नाही. रोगट झाडे उपटून नष्ट करावी लागतात आणि तो पसरवणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करावा लागतो. स्वतः वाक्ये रचणारे भाषा-प्रारूप अशा ठिकाणी आत्मविश्वासाने भलतेच औषध सांगू शकते. म्हणून औषध व मात्रा तपासलेल्या मजकुरातूनच जशीच्या तशी द्यावी, आणि गावातली नावे शास्त्रीय नावांशी जोडलेला कोश हाती असावा.

‘समजले नाही’ हे उत्तर दोनदाच. पहिल्यांदा उदाहरणासह पुन्हा विचारावे, दुसऱ्यांदा पर्याय द्यावेत, तिसऱ्यांदा माणसाचा क्रमांक आणि त्याची वेळ सांगावी. शेतीसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक त्या कामाचा आहे.

चाचणीसाठी पाच-सहा नवखी माणसे पुरतात, पण ती कार्यालयातली नसावीत. बाजार समितीचे आवार किंवा सेतू केंद्र बरे. काम सांगून फोन हाती द्यावा आणि गप्प बसावे. अंगठा कुठे थांबला, कोणता शब्द शेजाऱ्याला विचारला, हे टिपावे आणि तोच शब्द बदलावा. पीकविम्याची मुदत जवळ आली की चाचणी पुन्हा घ्यावी. नवे लोक त्याच दिवसांत येतात.