रदरफर्डच्या अणूला माप नव्हतं

मधोमध चिमुकलं, जड केंद्रक, भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन आणि बाकी सगळी पोकळी. अर्नेस्ट रदरफर्ड यांनी 1911 साली मांडलेल्या या अणूमागे भक्कम पुरावा होता. मँचेस्टरला त्यांचे सहकारी गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कण (किरणोत्सर्गी पदार्थांतून निघणारे धनप्रभारित कण) सोडले होते. बहुतेक आरपार गेले, काही मोजके मात्र चक्क उलटे फिरले, म्हणजे आत काहीतरी चिमुकलं पण जड असणार.

पण हा अणू टिकायलाच नको. मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय सिद्धांतानुसार, वर्तुळात फिरणारा विद्युतप्रभार सतत प्रारण (प्रकाशासारख्या लहरी) सोडतो आणि ऊर्जा गमावतो. सेकंदाचे दहा हजार कोटी भाग केले, तर त्यातल्या एक-दोन भागांतच हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन घिरट्या घालत केंद्रकावर कोसळेल.

पाठ्यपुस्तकं बहुधा इथेच थांबतात. मला दुसरी उणीव जास्त खोल वाटते. समजा, प्रारणाचं विसरून गेलो. मग इलेक्ट्रॉनने केंद्रकापासून किती अंतरावर फिरायचं? न्यूटनच्या नियमांना कुठलंही अंतर चालतं, वेग तेवढा जुळला पाहिजे. इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि वस्तुमान यांची कितीही जुळवाजुळव केली तरी त्यातून लांबी निघत नाही. प्रकाशाचा वेग सोबत घेतला तर निघते, पण ती हायड्रोजन अणूच्या त्रिज्येपेक्षा सुमारे 19 हजार पटींनी लहान!

प्रत्यक्षात हायड्रोजनचे सगळे अणू तंतोतंत सारखे असतात. प्रयोगशाळेतला हायड्रोजन असो की दूरच्या ताऱ्यातला, त्याच्या प्रकाशातली लाल वर्णरेषा (एकाच ठरावीक तरंगलांबीची रेघ) 656 नॅनोमीटरचीच. वायूतले अणू-रेणू सेकंदाला अब्जावधी वेळा एकमेकांवर आदळतात. अशी एक टक्कर ग्रहमालेची घडी कायमची विसकटून टाकेल. अणू मात्र पुन्हा होता तसाच.

या वर्णरेषा पूर्णांकांच्या एका साध्या सूत्रात बसतात, हे स्विस गणितशिक्षक बामर यांनी 1885 मध्येच दाखवलं होतं. रदरफर्डच्या अणूत पूर्णांक येणार कुठून? आत कोसळणाऱ्या इलेक्ट्रॉनने तर सलग वर्णपट द्यायला हवा.

अणूच्या स्थैर्याचा विचार या टप्प्यावर करण्याची गरज नाही, असं रदरफर्ड यांनी त्याच शोधनिबंधात स्पष्ट लिहिलं होतं. हाती असलेल्या पुराव्याच्या पुढे न धावण्याचा हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

1913 मध्ये नील्स बोर यांनी प्रभार आणि वस्तुमान यांच्या जोडीला प्लांकचा स्थिरांक (प्रकाशाची ऊर्जा आणि वारंवारता यांना जोडणारा मूलभूत आकडा) आणला. त्या तिघांतून अखेर हवी ती लांबी निघाली: 0.053 नॅनोमीटर.