शब्दार्थ-वाक्य पद्धती (बडोद्यातील मराठी भाषकांचा इंग्रजी शब्दसंग्रह)

इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि तो शब्द वापरलेले एक वाक्य अशी जोडीने नोंद करून शब्दसंग्रह वाढवण्याची अभ्यासपद्धती. ‘शब्दार्थ पाठ करणे’ आणि ‘वाक्यात उपयोग करा’ हे तिचे दोन भाग शाळेमुळे सर्वांच्या परिचयाचे आहेत. बडोदे (वडोदरा) येथे मराठी कुटुंबांत घरी मराठी, बाजारात गुजराती आणि महाविद्यालयात इंग्रजी अशी भाषांची वाटणी असते. त्यामुळे अर्थाच्या रकान्यात नेमके काय उतरते, हा प्रश्न तेथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

उगम : याबाबत एकमत नाही. एका मतानुसार ही पद्धती सर्वस्वी युरोपीय आहे. व्याकरणाचे नियम, शब्दांची यादी आणि भाषांतरासाठी सुटी वाक्ये अशी पाठांची मांडणी अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषक प्रदेशात रूढ झाली व पुढे इंग्रजी शाळांबरोबर भारतात आली, असे या मताचे अभ्यासक मानतात. दुसरे मत तिची मुळे देशी पाठांतरात शोधते. अमरकोश मुखोद्गत करण्याची परंपरा जुनी आहे. त्याचा काळ चौथ्या ते आठव्या शतकांदरम्यान निरनिराळा सांगितला जात असला, तरी सहाव्या शतकाच्या आसपास धरणे सोयीचे दिसते. मात्र अमरकोश एकाच भाषेतील पर्यायशब्द देतो. परभाषेतील शब्द आणि त्याचा आपल्या भाषेतील अर्थ अशी जोडी ‘खालिकबारी’ या पद्यकोशात आढळते. हा कोश परंपरेने अमीर खुसरोच्या (१२५३–१३२५) नावावर असला, तरी तो बराच उशिराचा, बहुधा सतराव्या शतकातील असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मराठी मुलखापुरते पाहता ‘राज्यव्यवहारकोश’ अधिक जवळचा. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने, राज्याभिषेकानंतरच्या काही वर्षांत तो सिद्ध झाला. त्याचे कर्तृत्व कोणी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे, तर कोणी धुंडिराज व्यास यांच्याकडे देतात. हणमंते यांच्या देखरेखीखाली व्यासांनी रचना केली असावी, असे मानल्यास दोन्ही उल्लेखांचा मेळ बसतो. दरबारातील फार्सी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द असून ते दहा वर्गांत श्लोकबद्ध केले आहेत. परक्या शब्दाशेजारी आपला शब्द ठेवून दोन्ही पाठ करण्याची सवय इंग्रजीच्या आधीच येथे होती, इतके यावरून म्हणता येते. वाक्य मात्र या कोशांत नाही. ते एकोणिसाव्या शतकातील भाषांतराच्या पुस्तकांतून आले आणि मराठी घरांत प्रामुख्याने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेमुळे रुजले. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश (१८४७) याच काळातील. अर्थाच्या रकान्यातील पुष्कळसे प्रतिशब्द अखेर तेथवर पोहोचतात.

बडोदे : १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणा या खेड्यातून बडोद्याच्या गादीसाठी दत्तक आणलेले सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे शिक्षण बाराव्या वर्षी जवळजवळ अक्षरओळखीपासून सुरू झाले. एलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांना मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा एकाच वेळी शिकाव्या लागल्या. बडोदे कॉलेजात श्री अरविंद घोष इंग्रजी शिकवीत असत (संस्थानच्या सेवेत १८९३–१९०६). विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवून घेतात आणि पाठ करतात, याचे त्यांना नवल वाटे. साउदीच्या नेल्सन-चरित्रावर बोलत असताना ‘तुमचे सांगणे पुस्तकावरील नोट्सशी जुळत नाही’ असे विद्यार्थी म्हणाले, तेव्हा आपण नोट्स वाचलेल्याच नाहीत, असे उत्तर त्यांनी दिले. ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे.

१९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ इंग्रजी शासनशब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फार्सी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द देतो. राज्यव्यवहारकोशाचा हा खरा वारस. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापनाचे माध्यम इंग्रजी राहिले. मराठी वा गुजराती शाळेतून आलेल्यांना शब्दार्थांची वही तेथे अपरिहार्य झाली.

अर्थ आणि वाक्य : प्रतिशब्द शब्दाची ओळख करून देतो, पण तो वापरायचा कसा हे वाक्यच शिकवते. ‘बॉरो – उसने घेणे, लेंड – उसने देणे’ असे घोकलेल्या मुलाच्या ध्यानात ‘उसने’ तेवढे राहते आणि तो ‘कॅन यू बॉरो मी युवर पेन’ म्हणून बसतो. ‘कॅन आय बॉरो युवर पेन’ आणि ‘कॅन यू लेंड मी युवर पेन’ ही दोन वाक्ये एकाखाली एक लिहिली की देणारा कोण, घेणारा कोण हे पक्के होते. मराठीत चूक ‘करतात’ आणि अभ्यासही ‘करतात’. इंग्रजीत चुकीला ‘मेक’ आणि गृहपाठाला ‘डू’ लागते. दिवा ‘बंद’ करायचा म्हणून ‘क्लोज द लाइट’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. असे शब्दांचे शेजार प्रतिशब्दात मावत नाहीत.

बडोद्यात आणखी एक पेच आहे. गुजराती ‘काले’ मागच्या दिवसालाही चालते आणि पुढच्याही. मराठी ‘काल’ फक्त मागच्या. शाळेत गुजराती आणि घरी मराठी बोलणारे मूल ‘टुमॉरो’समोर ‘काल’ लिहिते, तेव्हा ते चुकत असते ते मराठीत, इंग्रजीत नव्हे. ‘शी केम यस्टरडे’, ‘शी विल कम टुमॉरो’ अशा वाक्यांत क्रियापदच काळ दाखवते आणि गोंधळ मिटतो. ‘मॅनेज – जमणे’ ही नोंदही गुजराती मैत्रिणीला उपयोगाची नाही. तिच्या भाषेत ‘जमवुं’ म्हणजे जेवणे.

वाक्याला कोशात मानाचे स्थान मिळाले ते विसाव्या शतकात, आणि त्यातील बरेचसे काम इंग्लंडबाहेर झाले. ढाक्यात शिकवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९३५ च्या कोशात १,४९० शब्दांच्या मर्यादेत व्याख्या लिहिल्या. ए. एस. हॉर्नबी व सहकाऱ्यांचा १९४२ चा कोश टोकिओत निघाला. क्रियापद कोणत्या रचनेत बसते हे त्याने उदाहरणांसह दाखवले. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम येथील कोशप्रकल्पाने प्रत्यक्ष लेखन-भाषणातून वेचलेली वाक्ये दिली आणि व्याख्याही पूर्ण वाक्यात लिहिली. रचलेले वाक्य चांगले की वेचलेले, हा वाद अजून चालू आहे. आरंभी रचलेले, सोपे वाक्यच अधिक उपयोगी पडते. शिकणाऱ्याने ते स्वतः रचून तपासून घेतले तर उत्तमच.

उजळणी : जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांच्या स्मरणावरील १८८५ च्या प्रयोगांपासून, अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा टिकाऊ असते, असे दिसून आले आहे. वहीत यासाठी पान उभे दुमडतात : अर्थ आत जातो, शब्द बाहेर राहतो आणि वाक्य तोंडी म्हणायचे असते. अडले तरच घडी उघडतात.