एसटीचं विलीनीकरण: एका शब्दात अडकलेला प्रश्न

मराठवाड्यात सरकारी बस आली ती महामंडळाची नव्हे, खात्याची. जून 1932 मध्ये निजामाच्या रेल्वेने 27 गाड्या आणि 166 कर्मचाऱ्यांवर रस्ते वाहतूक विभाग सुरू केला. पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावायला 1948 उजाडलं. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1961 पासून इथल्या गाड्या महामंडळाच्या झाल्या.

ऑक्टोबर 2021 अखेर सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला, तो महामंडळाच्या राज्य सरकारातील विलीनीकरणासाठी. या मागणीवर नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीने नकार दिला. घोळ या शब्दातच आहे. महामंडळ गुंडाळणं वेगळं आणि कर्मचारी सरकारी सेवेत घेणं वेगळं. 1950 च्या केंद्रीय रस्ते वाहतूक महामंडळ कायद्याचं कलम 39 सांगतं की, महामंडळ अवसायनात काढायचं, म्हणजे गुंडाळायचं, तर राज्याचा आदेश हवा आणि केंद्राची पूर्वमंजुरीही. आंध्र प्रदेशाने ही वाट टाळली. 2019 मध्ये विधिमंडळात कायदा करून सार्वजनिक वाहतुकीचं नवं खातं उभारलं आणि 1 जानेवारी 2020 पासून चालक-वाहक त्यात सामावून घेतले. महामंडळ तसंच राहिलं. तेलंगणानेही 2023 मध्ये असंच विधेयक मंजूर केलं. ही दोन्ही राज्यं निजामाच्या त्याच जुन्या खात्याचा वारसा सांगतात. आपल्याकडे मात्र ‘विलीनीकरण अशक्य’ एवढ्यावर विषय मिटवला गेला. ‘समावेशन’, म्हणजे कर्मचारी सरकारी सेवेत घेणं, हा सुटा प्रश्न म्हणून नीट मांडलाच गेला नाही.

त्याच कायद्याचं कलम 22 म्हणतं, धंद्याच्या तत्त्वांवर चाला. कलम 34 म्हणतं, सरकारच्या सर्वसाधारण सूचना पाळा. त्यात पगार आणि सेवाशर्तीही आल्या. म्हणजे हुकूम सरकारचा आणि तोटा महामंडळाचा. सवलतींत हे रोज दिसतं. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. ही रक्कम सरकारने भरून द्यायची असते आणि मागणी होते ती मशीनमधून निघालेल्या तिकिटांवर. म्हणून मोफत प्रवाशालाही शून्य रुपयांचं तिकीट द्यावंच लागतं. गर्दीत ते राहिलं, तर प्रवासी गेला आणि प्रतिपूर्तीही गेली. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असते. नांदेडहून हैदराबादला निघालेल्या बाईचं तिकीट देगलूरपलीकडच्या सीमेपर्यंत अर्धं, पुढे पूर्ण. ही फोड वाहकाने चुकवली, तर फरक त्याच्याच हिशेबात निघतो.