ठाण्यात घटस्फोटाचा वकील फौजदारी कोर्टातही का दिसतो

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर मुरलेल्या बऱ्याच वकिलांची ओळख एका दमात करून दिली जाते: घटस्फोट आणि फौजदारी. नवख्या पक्षकाराला ही जोडी चमत्कारिक वाटते. वकिलांनी ती हौसेने जमवलेली नाही. कायदाच तसा वाढत गेला.

नवऱ्याकडून खावटी, म्हणजे पोटगी, मागायची ती ब्रिटिश अमदानीपासून न्यायदंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे फौजदारी कोर्टात. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम १२५ म्हणून राहिली, आणि महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा उठायला २००१ साल उजाडलं. घटस्फोट मात्र दिवाणी बाजूचा. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी त्याचा कायदा १९४७ सालीच झाला होता. मग १९५५चा हिंदू विवाह कायदा आला. परस्पर संमतीची वाट १९७६च्या दुरुस्तीने उघडली.

खरी गुंफण झाली ती ‘क्रूरता’ या मुद्द्यावर. पुण्याच्या एका दांपत्याच्या दाव्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वैवाहिक दाव्यात क्रूरता निःसंशय सिद्ध करायची गरज नाही. शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहावं. निकाल न्या. य. वि. चंद्रचूड यांचा. १९८३ साली दंडविधानात कलम ४९८-अ आलं आणि सासरचा छळ गुन्हा ठरला. तिथे पुरावा निःसंशय हवा. तेव्हापासून एकाच भांडणाची साक्ष दोन कोर्टांत, दोन मापांनी तपासली जाते. पोलिसांकडच्या जबाबात नसलेली मारहाण घटस्फोटाच्या अर्जात आली, की उलटतपासणीत आरोपीचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. एकाच बाजूचं काम जाणणाऱ्याच्या हातून हे निसटतं, आणि त्याची किंमत मोजते बहुतेकदा बाई. म्हणूनच दोन्ही कागद एका नजरेखालून गेलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

१९८४च्या कायद्याने कुटुंब न्यायालयं आली. तिथे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. आता घटस्फोट आणि खावटी दोन्ही ठाण्याच्या कुटुंब न्यायालयात चालतात. ऑक्टोबर २००६ पासून कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू झाला आणि निवाऱ्याचा, संरक्षणाचा अर्ज पुन्हा न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेला. नवी मुंबईत राहणाऱ्या बाईसाठी तो बेलापूरला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ४९८-अ मध्ये सरसकट अटकेला लगाम घातला.

तडजोडीतही फौजदारी सुटत नाही. संमतीने घटस्फोट ठरला तरी नोंदलेला गुन्हा आपोआप मिटत नाही. समेट झाला असेल तर उच्च न्यायालय तो रद्द करू शकतं, हे २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. त्यामुळे संमतीच्या अटी लिहितानाच ठरवावं लागतं: स्त्रीधन कधी परत, मुलांचा ताबा कुणाकडे, पोटगीच्या रकमेचा शेवटचा हप्ता मुंबईत उच्च न्यायालयात गुन्हा रद्द होताना द्यायचा की आधी. हप्ता आधी दिला तर नवऱ्याला धास्ती, नंतर ठेवला तर बायकोला. अनुभवी वकिलाची कसोटी या एका अटीवर लागते.

१ जुलै २०२४ पासून ४९८-अ दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ झालं, खावटीचं १२५ फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनंच कलम लागतं, त्यामुळे सध्या जुने-नवे दोन्ही कलमांचे आकडे एकाच दिवशीच्या बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामांच्या यादीत, दिसतात.