शेजारच्या सीटवरून त्रास झाला तर
आमच्या प्रेक्षकांसाठी, तिकीट खिडकीवरून

गेल्या पावसाळ्यात एक काका पिक्चर सुटल्यावर खिडकीशी आले. मागच्या रांगेतली चार पोरं पूर्ण वेळ गप्पा मारत होती आणि त्यातल्या एकाचे पाय काकांच्या खुर्चीच्या पाठीला टेकलेले होते. आम्ही विचारलं, डोअरकीपरला का नाही सांगितलंत? "कशाला उगाच भांडण," म्हणाले आणि गेले. पुढचे दोन महिने दिसले नाहीत. तिकिटाचे पैसे त्यांनी पुरे मोजले होते आणि डोअरकीपर त्यांच्यापासून पंधरा पावलांवर स्टुलावर बसलेला होता. हे पत्रक अशा काकांसाठी काढलं आहे. त्या चार पोरांसाठीही आहे, पण ती वाचतील अशी आशा आम्ही फारशी धरलेली नाही.

कोणाला सांगायचं

आपलं टॉकीज एकपडदा. खाली स्टॉल, वर बाल्कनी. दोन्हीकडे एकेक डोअरकीपर खेळ संपेपर्यंत मागच्या दाराशी, आतल्या बाजूला असतो. बसल्या जागेवरून हात वर केलात तर अंधारात त्याला दिसत नाही, आणि हाक मारलीत तर सगळ्या हॉलला ऐकू जाते. तेव्हा उठून या, रांगेचं अक्षर आणि सीटचा नंबर सांगा. नंबर माहीत नसेल तर "माझ्या मागची रांग, डावीकडून तिसरा" एवढंही पुरतं. सांगून झालं की परत जागेवर जाऊन बसा. बोट दाखवायला तुम्हाला कोणी बोलावणार नाही.

त्यानंतर पाचेक मिनिटं काहीच होत नाही असं वाटेल. ते मुद्दाम असतं. तुम्ही उठून गेलात आणि पाठोपाठ बॅटरी आली, तर कोणी सांगितलं हे त्या माणसाला लगेच कळतं आणि उरलेला पिक्चर तुम्हाला मान अवघडून बघावा लागतो. म्हणून डोअरकीपर जरा थांबतो, पलीकडच्या वाटेने येतो, दोन-तीन रांगांवर बॅटरी फिरवतो, सीट नंबर बघितल्यासारखं करतो आणि मग त्या माणसापाशी उभा राहतो. बहुतेक वेळा एक शब्दही बोलावा लागत नाही. पायावर उजेड पडला की पाय आपोआप खाली येतात. नाही आले तर तो वाकून कानाशी सांगतो. तरीही चालूच राहिलं तर मॅनेजर येतात आणि त्या माणसाला बाहेर बोलावून घेतात. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली तर उरलेला पिक्चर त्याने बाहेर पोस्टरवर बघायचा.

एक विनंती मात्र कळकळीची. जे सांगायचं ते पहिल्या अर्ध्या तासात सांगा. सुरुवातीला सांगितलंत तर त्या माणसाला गप्प करता येतं किंवा तुम्हाला दुसरी सीट देता येते. शेवटची पाटी पडल्यावर आमच्याकडे दिलगिरीशिवाय काही उरत नाही.

आपणच बोलायचं असेल तर

बोला, पण एकदाच आणि हळू. "दादा, फोनचा उजेड डोळ्यावर येतोय," "ताई, जरा हळू बोलता का, ऐकू येत नाही," असं त्रासाबद्दल बोललं तर माणूस ओशाळतो आणि ऐकतो. "घरी कोणी शिकवलं नाही का" म्हटलं की गोष्ट त्याच्या घरच्यांवर जाते. सोबत मित्र किंवा बायको असेल तर त्याला माघार घेता येत नाही. मग दहा रांगा पडद्याकडे पाठ करून तुमच्याकडे बघत बसतात. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे नेमकं असंच झालं. फोनवर बोलणारा एक आणि त्याला गप्प करणारे सहा, आणि त्या सहांचाच आवाज बाहेर पानाच्या टपरीपर्यंत गेला.

एकदा सांगून ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगू नका. दुसऱ्यांदा सांगणं हे डोअरकीपरचं काम, त्याचा पगार त्यासाठीच आहे.

फोन

फोन वाजण्यापेक्षा फोन उघडल्याच्या तक्रारी जास्त येतात, आणि ज्यांच्याविरुद्ध येतात त्यांना त्या खऱ्याच वाटत नाहीत. "मी तर नुसता टाइम बघितला." त्यांच्यासाठी थोडा हिशोब. चित्रपटाच्या पडद्यावर सगळ्यात पांढऱ्या जागी किती उजेड असावा याचं जगभर मानलेलं प्रमाण ४८ निट्स आहे (निट म्हणजे उजेड मोजायचं माप). तुमच्या हातातला साधा फोन पूर्ण उजेडावर ठेवला तर ४००-५०० निट्स सहज देतो. म्हणजे नायिकेच्या पांढऱ्या साडीपेक्षा तुमचा फोन आठ-दहा पट लख्ख असतो, तोही मागच्या माणसाच्या अगदी समोर. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. रात्रीच्या प्रसंगात कोणी फोन उघडला की मागच्या दोन रांगांना पुढचा थोडा वेळ पडद्यावर नुसतं काळं दिसतं.

नाटकात फोन वाजला तर नट प्रयोग थांबवून त्या प्रेक्षकाला सुनावू शकतो, आणि आपल्या मराठी रंगभूमीवर असं घडलेलं आहे. पडद्यावरच्या हिरोला ती सोय नाही.

"जॅमर का बसवत नाही?" असं अनेक जण विचारतात. सरकारी परवानगीशिवाय खासगी माणसाने मोबाइल जॅमर लावणं आपल्या देशात बेकायदा आहे. ती परवानगी मिळत असती तरी आम्ही जॅमर बसवला नसता. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर आमच्याकडे रात्रीचा खेळ बघतात, आणि कोणाच्या घरी आजारी माणूस असतं. महत्त्वाचा फोन येणार असेल तर तिकीट काढतानाच सांगा, वाटेकडेची, दाराजवळची सीट देऊ. फोन थरथरला की उठून बाहेर या, बोला, परत जा. याचा त्रास कोणाला होत नाही.

हिरोच्या एन्ट्रीचं स्टेटस

हा फोनचाच भाग, पण वेगळा सांगावा लागतो, कारण इथे शेजाऱ्याचा राग हा सगळ्यात छोटा प्रश्न आहे. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार थिएटरात परवानगीशिवाय पिक्चरचं चित्रीकरण करणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. दंड कमीत कमी तीन लाख रुपये, आणि वरची मर्यादा निर्मितीखर्चाच्या पाच टक्के. स्टेटससाठी काढलेली दहा-पंधरा सेकंदांची फीत म्हणजे चित्रीकरणच.

आता आमची बाजू. पिक्चर आमच्याकडे रिळातून येत नाही. तो कुलूप लावलेल्या डिजिटल स्वरूपात येतो, आणि चालतो तेव्हा पडद्यावर डोळ्यांना न दिसणारी खूण उमटत असते. चोरीची प्रत कुठे सापडली तर त्या खुणेवरून ती कोणत्या थिएटरात, कोणत्या वेळी काढली गेली ते शोधता येतं. तसं झालं तर वितरक पहिला फोन आम्हाला करतो आणि पुढचा पिक्चर द्यायचा की नाही याचा विचार करतो. म्हणून रेकॉर्डिंग दिसलं की आम्ही पाच मिनिटं थांबत नाही. डोअरकीपर लगेच येऊन ते थांबवायला आणि स्वतःच्या हाताने पुसायला सांगतो. तुमचा फोन तो हिसकावणार नाही, गॅलरी उघडून बघणार नाही. तसा अधिकार आम्हाला नाही आणि आमच्या माणसांना ते बजावून ठेवलं आहे. नकार दिलात तर बाहेर बोलावू, आणि त्यापुढचं पोलीस बघतील.

शिट्ट्या

इथे आमचं आणि काही प्रेक्षकांचं पटत नाही. मोठ्या पिक्चरचा पहिला दिवस, संध्याकाळचा खेळ, हिरो आला आणि शिट्ट्या झाल्या, याची तक्रार आम्ही लिहून घेतो पण तिच्यावर काही करत नाही. आवाज पडद्याकडे बघून केलेला असेल तर तो खेळाचाच भाग आहे, आणि पडद्याकडे न बघता केलेला असेल तर तो त्रास आहे, असा आमचा साधा हिशोब. टाळ्या, शिट्ट्या, "वन्स मोअर", डायलॉग आधी म्हणणं (तोही फार वेळा नको), हे पहिल्यात येतं. गावातल्या प्लॉटचे भाव, मुलीचं जमलेलं लग्न आणि "तू कुठायस, मी पिक्चरला आलोय" हे दुसऱ्यात. ज्यांना शांतपणे बघायचं आहे त्यांनी पहिले तीन दिवस सोडून दुपारच्या खेळाला यावं. खिडकीवर विचारलंत तर आम्ही खरं ते सांगू, तिकीट खपवायचं म्हणून "आज शांत आहे" असं म्हणणार नाही.

चिल्लर उधळणं मात्र बंद. तमाशातल्या दौलतजादेची हौस आम्हालाही कळते, पण पडदा म्हणजे भिंत नाही. त्याला बारीक बारीक भोकं असतात, कारण मधले स्पीकर त्याच्या मागे ठेवलेले असतात. नाणं लागलं की पडद्याला खळगा पडतो, आणि मग प्रत्येक नायिकेच्या गालावर तो डाग वर्षभर दिसत राहतो. कागदाचे कपटे उडवा, झाडणाऱ्या मावशी कुरकुर करतील, पण त्यांना आम्ही बघून घेऊ.

फटाके, भुईनळे, आरतीचे दिवे, कापूर, काहीही पेटतं आत येणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीत, मालेगावच्या एका थिएटरात चालू खेळात प्रेक्षकांनी फटाके आणि रॉकेट लावले. लोक खुर्च्यांवरून पळत सुटले, पुढे पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. आणि १३ जून १९९७ हा दिवस टॉकीज चालवणारा कोणी विसरत नाही. त्या दिवशी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली, धूर वर भरला, बाल्कनीतल्यांना बाहेर पडायला वाट मिळाली नाही. ५९ माणसं गेली. नाचायचं असेल तर पडद्यासमोर नाचा. दाराच्या आणि जिन्याच्या वाटेत उभं राहिलात तर आम्ही हलवणार, कितीही चांगलं नाचत असलात तरी.

राष्ट्रगीत

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये थिएटरांना ते सक्तीचं केलं होतं. ९ जानेवारी २०१८ च्या आदेशाने ते लावणं ऐच्छिक झालं. आम्ही लावतो, आणि लावलं की उभं राहायचं. पण शेजारी कोणी बसलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका, ओरडू नका. २०१६ मध्ये पणजीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये बसून राहिला म्हणून एका माणसाला मागून मारलं गेलं. मणक्याच्या दुखापतीमुळे त्याला उभं राहताच येत नव्हतं. अंधारात कोणाला काय झालेलं आहे हे आपल्याला दिसत नसतं.

लहान मुलं

रडणाऱ्या बाळाच्या आईकडे वळून वळून बघू नका, तिला तुमच्यापेक्षा जास्त टेन्शन आलेलं असतं. बाळ घेऊन येणाऱ्यांना आम्ही मागची, दाराजवळची रांग देतो. कितीही वेळा आत-बाहेर करा, तिकीट पुन्हा विचारणार नाही. बाळाचं खाणं आणा, त्याला मनाई नाही. बाहेरचे खाद्यपदार्थ अडवायचा अधिकार थिएटरला आहे, पण पिण्याचं पाणी फुकट द्यावं आणि बाळाचं खाणं आणू द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. पाण्याचा माठ आणि कूलर जिन्याखाली आहे.

'ए' प्रमाणपत्राच्या पिक्चरला अठराच्या आतल्या मुलामुलींना आई-वडील सोबत असले तरी सोडत नाही. खिडकीवर वाद घालू नये. तो नियम आमच्या हातातला नाही.

बायकांना त्रास

वर सांगितलेली पाच मिनिटं इथे लागू नाहीत. हात लागला, शेरा मारला, मागून कोणी खुर्चीच्या फटीतून बोटं घातली, तर बसल्या जागेवरून मोठ्याने ओरडा. हॉलला ऐकू गेलं तर जाऊ दे. दिवे लावू, खेळ थांबवू. उठून दुसरीकडे जायला त्या बाईला सांगणार नाही, उठेल तो माणूस. त्याला ऑफिसात बसवून ११२ ला फोन करू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अंगाला हात लावण्यासाठी कलम ७४ आणि शेरेबाजी, हावभाव यांसाठी कलम ७९ आहे. तक्रार द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. दिलीत तर आमचा डोअरकीपर साक्षीला येईल, त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही. बाहेर कोणी मागे लागेल अशी भीती वाटली तर ऑफिसच्या बाजूचं दार उघडून देतो, आणि घरचं कोणी येईपर्यंत आत बसा.

शेजारी बसलेल्यांना एवढीच विनंती, की अशा वेळी "जाऊ द्या ना, पिक्चर बघू द्या" असं म्हणू नका. गेल्या वर्षी कोणीतरी ते म्हणालं होतं.

बाकीचं थोडक्यात

दारू पिऊन आलेल्याला दारातूनच परत पाठवतो, तिकिटाचे पैसे देऊन. आत बाटली सापडली तर पैसे देत नाही. बिडी-सिगारेटला सार्वजनिक जागी बंदी आहे आणि २०० रुपयांपर्यंत दंड आहे, संडासातसुद्धा. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, तरी खुर्च्यांखालचे डाग ताजे कसे असतात हे आम्हाला कोडं आहे.

तुमची तक्रार खरी असेल आणि आम्हाला ती मिटवता आली नाही, तर आधी दुसरी सीट. हाऊसफुल्ल असेल तर त्याच आठवड्यातल्या कुठल्याही खेळाचं तिकीट फुकट. त्यासाठी तिकिटाचं अर्धुक जपून ठेवा आणि मध्यंतरापर्यंत खिडकीवर या. मध्यंतरात गर्दी असते, म्हणून डावीकडची छोटी खिडकी त्या दहा मिनिटांत फक्त तक्रारींसाठी उघडी ठेवतो. तिथे वडे मिळत नाहीत.